रुखमाची पाठ

भंडारा जिल्ह्यात रुखमाबाईची पाठ चार ठिकाणी आहे. एक काळ्या दगडाची, भंडाऱ्याच्या एका बागेत. सकाळी फिरून आलेले म्हातारे तिला टेकून बसतात. दुसरी लोखंडी सळयांची, वरठीला जाणाऱ्या रस्त्यावर; तिच्या डोक्यावर ओझं आहे आणि पायाला बहुतेक वेळा कुणाची तरी सायकल साखळीनं बांधलेली असते. तिसरी जवाहरनगरच्या बाजूला एका पाण्याच्या टाकीजवळ. तिचं नाव 'उतरण' आहे आणि ती पाठ आहे हे समजावून सांगावं लागतं. चौथी रुखमाबाईच्या स्वतःच्या अंगाला आहे. ती दुखते.

पहिल्या तिन्ही तिच्या दिरानं, प्रफुल्लनं केलेल्या. रुखमाबाई लग्न होऊन आली तेव्हा प्रफुल्ल सहा वर्षांचा होता आणि सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्याचं नाक पुसण्यापासूनची कामं तिच्याकडे आली. पाचवीला तो वसतिगृहात गेला, पुढे नागपूरला शिल्पकला शिकला, मोठ्या शहरांत मोठ्या शिल्पकारांच्या हाताखाली दगड घासून आला, आणि मग लाखनीपासून सहा किलोमीटरवरच्या आपल्या गावी परतून त्यानं घराच्या जुन्या गोठ्यात काम मांडलं. मधल्या काळात त्याच्या लग्नाचंही बघून झालं. मुलीकडचे विचारायचे, मुलगा काय करतो. थोरला भाऊ गोमाजी, म्हणजे रुखमाबाईचा नवरा, खरं बोलणारा माणूस. तो सांगायचा, दगड फोडतो. पुढची बोलणी होत नसत.

मॉडेल म्हणून उभी राहणारी बाई त्या गावात मिळणं शक्य नव्हतं, आणि गोमाजीला उभं केलं की तो उभ्या उभ्या झोपायचा. म्हणून रुखमाबाई. "वहिनी, पाच मिनिटं," असं प्रफुल्ल म्हणायचा, आणि त्याच्या पाच मिनिटांत लाखोळीची डाळ शिजून करपायची. पुढे तिनं शिस्त लावली. गॅसवर कुकर चढवून ती गोठ्यात यायची, सांगितलं तसं वाकायची, आणि तिसरी शिटी झाली की पाठ घेऊन परत जायची. प्रफुल्लच्या शिल्पांत एक अधीरता आहे असं नागपूरच्या एका जाणकारानं लिहिलं होतं. ती अधीरता कुकरची होती.

चेहरा मात्र प्रफुल्ल कधीच करत नसे. डोक्याच्या जागी पदराच्या घडीसारखा एक सपाट पत्रा किंवा न घडवलेला दगड. रुखमाबाईनं एकदा विचारलं, तोंड काहून नाही. त्यानं सांगितलं की चेहरा केला की ती एक बाई होते, नाही केला तर सगळ्या बायका होतात. रुखमाबाईला हे पटलं नाही आणि त्याचा राग आला असंही नाही. गावात तसंही 'गोमाजीच्या घरची' म्हणूनच तिला ओळखत.

ओळखत ते आणखी एका कारणासाठी. आसपासच्या पाच गावांत रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावण्याच्या, दिवसांत रुखमाबाईची टोळी आधी ठरते, मग बाकीच्यांची. बावीस बायका. बाराव्या वर्षापासून ती चिखलात उतरते आहे, म्हणजे चाळीस वर्षं झाली. नवीन सून टोळीत आली की पहिले चार दिवस तिला रुखमाबाईच्या उजव्या हाताला लावतात. किती पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, चिमटीत घ्यायचे, बोटं किती खोल घालायची, आणि सगळ्यांत आधी, पाय कुठे टाकायचा. ती रागावत नाही. नुसतं बघते, आणि सून चुकीचा पाय उचलून परत ठेवते.

पाचवी पाठ ठरली ती या रोवणीचीच. लाखनीजवळ हमरस्त्याला लागून एका सरकारी कार्यालयासमोर मोकळी जागा होती. तिथं जिल्ह्याच्या धानशेतीवर काहीतरी उभं करायचं ठरलं. प्रफुल्लनं आराखडा दिला आणि तो मंजूर झाला. चार वाकलेल्या बायका, माणसापेक्षा दीडपट उंच, तांबूस गंज चढणाऱ्या जाड पत्र्याच्या. आणि सळयांचे पऱ्हे, ओळीत लावलेले. या कामासाठी रुखमाबाई गोठ्यात तीन महिने वाकली; दुसरी बाई जशीच्या तशी तिची, बाकीच्या तिघी तिच्यावरूनच थोड्या बदलून. या वेळी तिला काही सांगावं लागलं नाही. प्रफुल्लनं फक्त, "वहिनी, रोवणी," म्हटलं आणि ती वाकली. तीन शिट्यांच्या पाच झाल्या तरी ती उठली नाही. गोमाजीनं करपलेली डाळ खाल्ली.

बायका गोठ्यात बनल्या. पऱ्हे मात्र वरठीला भैय्यालालच्या वर्कशॉपमध्ये बनले, कारण ते दोनशेच्या वर होते आणि एका लांब पत्र्यावर ओळीनं वेल्डिंग करायचे होते. भैय्यालाल एरवी खिडक्यांच्या ग्रिल आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतो. त्यानं प्रत्येक पऱ्हा ग्रिलच्या मापानं, एकमेकांपासून सारख्या अंतरावर लावला. म्हणजे बायका एकीकडे होत्या आणि धान दुसरीकडे, आणि दोन्ही एकत्र कसं दिसणार हे एका माणसाच्या डोक्यात होतं. तो माणूस प्रफुल्ल.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात क्रेन आली, दोन्ही जागेवर बसलं. पंधरा ऑगस्टला अनावरण होतं. रुखमाबाई शेतावरून येताना टोळीचा टेम्पो रस्त्यावर थांबवून उतरली, कारण प्रफुल्ल सकाळी डबा न घेताच निघाला होता. तिनं डबा दिला. तो सावलीत बसून जेवू लागला आणि ती शिल्पाभोवती फिरली. एकदा फिरली, मग उलट्या बाजूनं फिरली.

"हे पऱ्हे कोणं लावले गा बाबू?" तिनं विचारलं.

प्रफुल्लला वाटलं वहिनी कौतुक करते आहे. "यायनंच. चौघीनं."

"मंग आता कुठं चालल्या ह्या?"

"समोर."

रुखमाबाईनं पुन्हा पाहिलं. बायकांची तोंडं, म्हणजे तोंडांच्या जागा, कार्यालयाकडे होत्या. त्यांच्यासमोर मोकळी जमीन होती. पऱ्हे त्यांच्या पाठीमागे होते, चहाच्या टपरीपर्यंत.

रोवणी करणारी बाई मागे मागे सरकते. समोर पऱ्हे लावते, एक पाऊल मागे टाकते, पुन्हा लावते. लावलेलं सगळं तिच्या डोळ्यांसमोर असतं आणि मोकळा चिखल पाठीमागे. ती पुढे चालू लागली तर जे आत्ता लावलं त्यावरच पाय पडेल. हे कुणी कुणाला सांगत नाही, कारण न समजण्यासारखं त्यात काही नाही. प्रफुल्ल या गावात जन्मला होता, हेच तांदूळ खाऊन वाढला होता. पण रोवणी हे बायकांचं काम. पुरुष नांगरतात, चिखल करतात, पऱ्ह्यांच्या जुड्या वाहतात आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहतात. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकलेला पुरुष प्रफुल्लनं पाहिला नव्हता, आणि स्वतः तो अकराव्या वर्षापासून वसतिगृहात.

त्यानं घास संपवून तिला समजावलं. हे असं मुद्दाम केलं आहे. जे कष्ट झाले ते मागे, हिरवे होऊन. समोर मोकळी जमीन, म्हणजे भविष्य. हीच कल्पना समितीला आवडली होती, तिच्यावरच काम मिळालं होतं. शेजारी काळ्या दगडाची पाटी बसवलेली होती, तिच्यावर ते कोरलेलंही होतं: 'मागे श्रमांची हिरवळ, समोर मोकळे भविष्य.' त्यानं वाचून दाखवलं.

"बाई मागं मागं जाते," रुखमाबाई म्हणाली.

"हे शिल्प हाय वहिनी. शेती नाही."

"पाठ माही हाय," ती म्हणाली, रिकामा डबा घेतला आणि टेम्पोत बसली.

टेम्पोतल्या बायकांनीही तेवढ्या वेळात पाहून घेतलं होतं. बायका म्हणजे पार्वताबाई, कारण पार्वताबाई आधी बोलते आणि मग बाकीच्यांचं मत तयार होतं. रुखमाबाईच्या डाव्या हाताला ती वीस वर्षं रोवते आहे. तिनं इतकंच विचारलं की ती दुसरीवाली तूच आहेस ना. रुखमाबाईनं हो म्हटलं. पार्वताबाई म्हणाली, पाह्यलं पाह्यलं की ओळखू येते. मग गाव येईपर्यंत कुणी बोललं नाही, आणि बावीस बायका टेम्पोत असताना कुणी बोललं नाही असं त्याआधी झालेलं नव्हतं.

रुखमाबाईला सगळं दिसत होतं. ते लोखंड तिच्या नंतरही उभं राहणार. गंज लागला तरी चालतं, असं प्रफुल्लच म्हणतो. गंजच त्याचा रंग. नागपूरहून रायपूरला जाणारा प्रत्येक जण ते बघणार आणि त्यात कुणी ना कुणी रोवणी केलेली बाई असणार. पुढच्या वर्षी नवी सून तिच्या उजव्या हाताला येईल, चुकीचा पाय टाकेल, ती नुसतं बघेल, आणि सून म्हणेल, पण मोठ्याई, रस्त्यावर तर तुम्ही अशाच हाव. चाळीस वर्षांत तिच्याकडे एवढी एकच गोष्ट जमली होती, आणि ती दिरानं उलटी करून हमरस्त्यावर उभी केली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रफुल्लला सांगितलं, फिरव त्यायले. प्रफुल्ल आधी नाही म्हणाला. मग म्हणाला की अभियंता साहेबांना विचारावं लागेल. रुखमाबाई म्हणाली, चाल.

अभियंता साहेबांचं नाव जीवन. माणूस तरुण आणि सभ्य, मराठवाड्यातला, धानाचा संबंध फक्त ताटात आलेला. त्यांनी दोघांना खुर्ची दिली. फिरवणं अवघड आहे का, असं त्यांनी भैय्यालालला फोनवर विचारलं. भैय्यालाल म्हणाला, चारही पुतळे चौकोनी प्लेटवर, एकेकाला चार बोल्ट, क्रेननं उचला, अर्धी चक्कर फिरवा, बोल्ट त्याच भोकांत बसतात. दोन तासांचं काम. साहेबांनी फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. मंडप आवारात पडणार होता. प्रमुख पाहुणे तिथं बसणार होते.

"आणि त्यांच्यासमोर चार महिलांची," ते म्हणाले आणि थांबून एक शब्द निवडला, "पाठ."

वाकलेली बाई मागून पाहिली की सगळ्यांत आधी जे दिसतं ते पाठ नव्हे. पण त्या खोलीत तिघांनीही पुढे हाच शब्द वापरला.

"तोंड तं नाहीच साहेब त्यायले," रुखमाबाई म्हणाली.

"नसलं तरी बाई, दिशा असते."

"साहेब, मालक धुऱ्यावर उभा राह्यते. आमी त्याच्याकडं मागं मागं येत राह्यतो. चाळीस वर्सं झाली, मालक लोकायनं माही पाठच पाह्यली. कोणी आजवर हरकत घेतली नाही."

साहेबांनी फाइल उघडली, बंद केली, आणि चहा मागवला. चहा चांगला होता. फिरवण्याला त्यांनी नाही म्हटलं. शिवाय पाटी कोरलेली आहे, असंही म्हणाले. रोवणी करणाऱ्या महिलांसाठी मात्र पहिल्या रांगेत बावीस खुर्च्या राखीव ठेवतो, हे त्यांनी लगेच लिहून घेतलं.

घरी येताना प्रफुल्ल मोकळा झाल्यासारखा दिसत होता. रुखमाबाईनं स्वयंपाक केला, वाढला, भांडी घासली. अनावरणाला मी येत नाही आणि टोळीतली कुणी येत नाही, हे तिनं गोमाजीला सांगितलं, आणि गोमाजीनं ते तसंच्या तसं भावाला सांगितलं.

बारा तारखेला सकाळी ती गोठ्याच्या दारात आली. दोन बायका आजारी आहेत, म्हणाली, आणि पाण्याखालच्या दोन बांध्या आज संपवायच्या आहेत. चाल.

प्रफुल्ल चाळीस वर्षांचा होता. त्याला नाही म्हणता आलं असतं. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गेला.

बायकांनी त्याला ओळीत जागा दिली, रुखमाबाईच्या उजव्या हाताला. हे तिथं सगळ्यांच्या लक्षात आलं. त्याच्या हातात जुडी दिली. तो वाकला आणि शेजारणीसारखं करू लागला, तेव्हा रुखमाबाई म्हणाली, "तसं नाही. तू केलं तसं जाय. समोर."

आजारी बायकांच्या वाट्याचा पट्टा समोर रिकामाच राहिला होता, त्यातून तो पुढे गेला. एक चिमूट लावली, पाऊल पुढे टाकलं, पुन्हा लावली. बाकीच्या मागे मागे सरकत त्याच्यापासून लांब गेल्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. एक जुडी संपली तेव्हा तो सरळ झाला, आणि आपण काय केलं हे पाहायला मागे वळला. मागे पावलांचे खड्डे होते, खड्ड्यांत पाणी होतं, आणि पाण्यावर त्याचे पऱ्हे आडवे तरंगत होते. दोन उभे होते, तेही वाकडे.

पार्वताबाई आपली ओळ सोडून आली, त्याच्या पहिल्या खड्ड्यापाशी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली, आणि त्याच्या सगळ्या खड्ड्यांवरून मागे मागे येत नव्यानं रोवत गेली. त्याच्यापाशी पोचली तेव्हा मान न उचलता म्हणाली, "भविष्या, सरक तिकडं."

पाटीवरचं वाक्य तोवर गावभर झालं होतं.

प्रफुल्ल सरकला. मग त्यानं दुसरी जुडी घेतली, ओळीत गेला आणि मागे मागे सरकू लागला. दुपारच्या भाकरीपर्यंत तो रोवत होता. त्याची ओळ वाकडी आली, पण उभी राहिली. घरी येऊन तो खाटेवर पालथा पडला. रुखमाबाईनं मलमाची डबी त्याच्या उशाशी ठेवली. लावून देण्याचं काम गोमाजीकडे आलं.

तेरा तारखेला त्यानं भैय्यालालला फोन केला. भैय्यालाल म्हणाला, "भैय्या, ड्रॉइंगमध्ये तर उधरच होतं." प्रफुल्ल म्हणाला, ड्रॉइंग चुकलं. शिल्पकाराच्या तोंडून हे वाक्य भैय्यालालनं पहिल्यांदा ऐकलं. तो पुढे काही दिवस गिऱ्हाइकांना सांगत होता. चौदा तारखेला दुपारी साहेब पाहुण्यांच्या मार्गाची पाहणी करायला गेले होते तेव्हा क्रेन आली. दोन तास लागले. साहेबांना फोन करून थोडं दुरुस्तीचं काम झालं असं प्रफुल्लनं कळवलं, आणि साहेबांनी छान म्हटलं. मग शिल्पावर पांढरं कापड टाकलं. कापडाखाली वाकलेली बाई कुणीकडे तोंड करून आहे हे बाहेरून कळत नाही, त्यातून तिला तोंडच नसेल तर नाहीच.

त्या संध्याकाळी प्रफुल्लनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वहिनीला एवढंच सांगितलं की फिरवलं. रुखमाबाईनं पोळी तव्यावरून उतरवली. "मंग येतो," ती म्हणाली.

पंधरा तारखेला बावीस बायका धुतलेल्या लुगड्यांत टेम्पोनं आल्या. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर तोवर कार्यालयातल्या लोकांचे नातेवाईक बसले होते. साहेबांनी दिलगिरी व्यक्त केली. बायकांनी मंडपाकडे पाहिलं, मग रस्त्याच्या कडेनं वळसा घालून पलीकडे गेल्या, आणि चहाच्या टपरीसमोर टेम्पोतली ताडपत्री अंथरून बसल्या. म्हणजे मंडप एका बाजूला, त्या दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कापड.

पाहुण्यांनी दोरी ओढली. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच कमी झाल्या.

मंडपातल्या सर्वांसमोर, अगदी जवळ, चार प्रचंड बायका वाकलेल्या होत्या, आणि त्यांची दिशा पलीकडची होती. जीवन साहेबांनी प्रफुल्लकडे पाहिलं. प्रफुल्ल शिल्पाकडे पाहत होता. पाहुणे वयस्कर होते, अशा प्रसंगांत मुरलेले. त्यांनी पाटी वाचली, समोर पाहिलं, पुन्हा पाटी वाचली. मग, पुढून बघू या, असं म्हणून ते मंचावरून उतरले आणि चालू लागले. त्यांच्यामागे मंडप रिकामा झाला. पऱ्ह्यांच्या कडेनं, टपरीच्या चिखलातून सगळे पलीकडे आले. फोटोवाले उलटे चालत होते, तेवढेच बरोबर.

पलीकडे आल्यावर कळलं की पुढूनही चेहरे नाहीत. पाहुणे सपाट पत्र्याकडे थोडा वेळ आदरानं पाहत राहिले. शेवटी त्यांना ताडपत्रीवरच्या बायका दिसल्या. या शिल्पासाठी यांच्यापैकी कोण उभं राहिलं होतं, त्यांनी विचारलं. बावीस हात रुखमाबाईकडे गेले, त्यात तिचाही एक होता.

पाहुणे तिच्याकडे आणि पत्र्याकडे आळीपाळीनं बघू लागले. चेहरा नसल्यानं ओळखता येत नाही, असं ते हसून म्हणाले.

"मांगून पाहा साहेब," पार्वताबाई म्हणाली. "मांगून ओळखू येते."

साहेबांनी घाईघाईनं चहाचं विचारलं. पाहुण्यांनी पार्वताबाईचं म्हणणं मात्र मनावर घेतलं. ते परत वळसा घालून गेले, आणि त्यांच्यामागे सगळे पुन्हा गेले. भाषणं मग त्याच बाजूनं झाली, पाठींसमोर. ऐकू चांगलं आलं.

सगळे पांगल्यावर रुखमाबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, जरा दमानं. पार्वताबाई तिच्याबरोबर होती. दोघी पऱ्ह्यांच्या बाजूनं हळूहळू फिरून मागच्या अंगाला आल्या. बागेतली पाठ रुखमाबाईनं पाहिली नव्हती, तिकडे जाणं झालं नव्हतं. सायकलवाली एकदा बसच्या खिडकीतून. आणि 'उतरण' पाहून तिला ती कळली नव्हती. ही समोर होती. दुसरी बाई. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, कमरेतून एका बाजूला कललेली, जणू उजवीकडे कुणासाठी तरी जागा ठेवून.

"मी असी वाकतो का वं?"

"वीस वर्सापासून पाहून राह्यलो," पार्वताबाई म्हणाली. "असीच."

रुखमाबाईनं डावा खांदा वर उचलून पाहिला. दुखला, म्हणून सोडला. पार्वताबाई तोवर पऱ्ह्यांकडे वळली होती. वाकून तिनं दोन सळयांच्या मध्ये वीत ठेवली, मग आणखी दोन बोटं.

"लय दूर दूर लावलं," ती म्हणाली. "इतक्यात कायचं पिकते."

रुखमाबाईनं बघितलं. खरं होतं. प्रफुल्ल थोड्या अंतरावर उभा राहून दोघींकडे पाहत होता, आणि त्यालाही ऐकू गेलंय हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. एक बांधी अजून बाकी होती.